वरळीवालं, गिरगाववालं

फोटो काढताना मी घड्याळाच्या पट्ट्याखाली टिश्यूपेपरची घडी सरकवते. यात कला वगैरे काही नाही, काटकसर आहे. आमच्या मासिकाकडे घड्याळं येतात ती पुरुषांच्या मापाची, फोटोत हात असतो माझा, कारण तो फुकट मिळतो. पट्टा सैल असला की घड्याळ कलंडतं आणि बघणाऱ्याला वाटतं, ही बाई भावाचं घड्याळ चोरून घालून बसलीय. म्हणून घडी. त्या मंगळवारी दुपारी परळच्या ऑफिसातल्या फोटोच्या खोलीत मी दोन घड्याळांपैकी एक, गिरगाववालं, डाव्या हातात चढवलं, कळ दाबून बंद केलं आणि सवयीनं घडी उचलली. ती सरकवायला जागाच नव्हती. पट्टा मनगटाला बेताचा टेकलेला होता, आवळत नव्हता आणि घसरतही नव्हता. मी हात खाली सोडला, वर केला, झटकून पाहिला. घड्याळ जागचं हललं नाही. हे घड्याळ आमच्याकडे घड्याळांवर लिहिणाऱ्या राजरत्नच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमधून निघालं होतं, आणि राजरत्नला जाऊन दोन महिने होत आले होते. माझ्या हाताचं माप आजवर कुणी घेतलेलं नव्हतं. मी दिवे तसेच जळत ठेवून स्टुलावर बसले.

ज्यांना घड्याळ म्हणजे वेळ बघायची वस्तू वाटते, म्हणजे शहाण्या माणसांना, त्यांच्यासाठी सांगते. काही घड्याळांना पट्टा वेगळा असा नसतोच. तो घड्याळाच्या अंगातूनच निघतो. पोलादाचं अंग कुठं संपलं आणि पट्टा कुठं सुरू झाला हे बोटाला कळत नाही. आज चामड्याचा लावू, उद्या कापडाचा लावू, असले लाड तिथं चालत नाहीत. मापात बसवायचं तर पट्ट्याच्या कड्या एकेक करून काढायच्या. काढल्या की ते घड्याळ त्या एका हाताचं होतं, दुसऱ्याच्या हातात ते लोंबतं तरी नाहीतर चिमटे तरी काढतं. अशी दोन घड्याळं आमच्याकडे तुलनेसाठी आली होती. दोन्ही स्वतंत्र कारागिरांची, मागं कुठली बडी कंपनी नाही. एक डेन्मार्कमधल्या नवराबायकोनं बनवलेलं, ते गणपतीच्या आधी आलं. दुसरं जपानातल्या एकट्या माणसाचं, ते दिवाळीनंतर. दोन्ही राजरत्ननं घालून बघायची, त्यानं लिहायचं, मी फोटो काढायचे, असं ठरलेलं. राजरत्नचा नियम होता की दुसऱ्याच्या मापाच्या घड्याळावर आपलं मत देऊ नये. घड्याळ आलं की तो आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचा, कड्या काढून ते स्वतःच्या हाताला बसवायचा, मग घरी न्यायचा. झोपताना, भांडी घासताना, वरळीच्या बाजारात मासळी घेतानाही ते हातातच. "ऑफिसात काय गं, एसीत सगळंच चांगलं दिसतं," तो म्हणायचा. "घामात कसं वागतं ते बघायला पाहिजे."

नावंही त्यानंच ठेवलेली. डेन्मार्कचं जाडजूड, हात हलवला की आतलं चक्र गरगरल्याचा आवाज यायचा, बाजूच्या माणसालाही ऐकू जाईल इतका. ते वरळीवालं. "आवाज करतं, पण मनात काय ठेवत नाय." जपानचं पातळ, राखाडी तबकडीचं. तिच्यावर बारीक रेघांचं काम होतं, पण उजेड बरोबर कोनातून आला तरच दिसायचं, एरवी साधी पाटी. "हे तुमचं गिरगाववालं. विचारल्याशिवाय बोलणार नाही, आणि विचारलं तरी अर्धंच सांगणार." मी म्हटलं, "आणि तुमचं वरळीवालं विचारायच्या आधीच सगळं ओकून मोकळं." तो हसला होता. मग घड्याळ फडक्यानं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "तुला शोभेल बघ हे. तुझंच आहे." थट्टा चालली होती, थट्टेत माणूस काहीही बोलतो. पण त्या मंगळवारी स्टुलावर बसल्या बसल्या मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, आणि मी पट्ट्यावरून इतक्या हळुवारपणे बोट फिरवलं की मला माझीच लाज वाटली. बेचाळिसाव्या वर्षी हे काय.

मी वरळीवालं घातलं. ते थेट कोपराकडे निघालं. त्याला घडीवर घडी लागली असती. मग मी दोन्ही काढली, पट्टे बंद करून टेबलावर ठेवली, आणि गिरगाववालं वरळीवाल्याच्या पट्ट्याच्या गोलात ठेवून पाहिलं. ते आत आरामात मावलं, वर भोवती जागा उरली. वरळीवालं त्याच्या हाताचं, याबद्दल शंका नव्हती. त्याचा हात मी वर्षानुवर्षं समोरच्या टेबलावर पाहिलेला: रुंद, केसाळ, मनगटाचं हाड वर आलेलं. मग दुसरं कुणाचं? एका माणसाला दोन मापांचे हात नसतात. तो कड्या मोजण्यात चुकणाराही नव्हता. त्या बाबतीत तो एवढा काटेकोर होता की आम्ही वैतागायचो. म्हणजे त्यानं ते मुद्दाम लहान केलं होतं. फोटोसाठी, माझ्या हातासाठी, टिश्यूपेपर लागू नये म्हणून. किंवा फोटोचं निमित्त. आता मला सगळं आठवायला लागलं. मावसबहिणीच्या लग्नात ठाकूरद्वारच्या कासाराकडे तो माझ्याबरोबर उगीचच आला होता. कासारानं माझा पंजा दाबून पाहिला आणि न विचारता बांगड्यांचा डबा खाली काढला, तेव्हा राजरत्न केवढा खूश झालेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "साला, नुसत्या दाबण्यावर माप. मला बघूनसुद्धा सांगता येईल." मी म्हटलं, सांग. तर म्हणाला, "सांगणार नाय." त्यावेळी मी रागावले होते, बहुतेक उन्हामुळे.

आमच्यात काही नव्हतं. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की ते खरं असणारच. रोज संध्याकाळी परळहून दादरपर्यंत चालत जायचो, वाटेत कटिंग घ्यायचो, पुलाखाली तो वरळीकडे वळायचा आणि मी गाडी पकडायचे. एकदा गणपतीत तो गिरगावात आमच्या घरी आला होता. माझे वडील, रमाकांत त्यांचं नाव, पालिकेत हेडक्लार्क होते. ते त्याच्याशी फार म्हणजे फारच अदबीनं बोलले. "मूळचे कुठले आपण?" "वरळीचा." "नाही, त्याआधीचे?" "त्याआधी पण वरळीचाच. बीडीडी चाळ." बाबा 'वा वा' म्हणाले. आमच्या घरात माणसाला लांब ठेवायचं असलं की आदर वाढवतात. त्याला हे कळलं होतं, मला कळलं होतं, आणि दोघांनीही त्यावर पुढे चकार शब्द काढला नाही. मोदक मात्र त्यानं चांगले हाणले. नंतर बाबा गेले, घर विकलं, मी प्रभादेवीच्या एका जुन्या गल्लीत भाड्यानं राहायला आले, वरळी आणखी जवळ आली. आता अडवणारंही कुणी नव्हतं. तरी आम्ही चालत दादरला जायचो आणि पुलाखाली वेगळे व्हायचो. आपल्याकडे वेळ आहे असं दिवसभर घड्याळं हाताळणाऱ्या दोन माणसांना वाटत होतं, याचं मला आता हसूही येत नाही.

"झालं का शूट?" ध्रुव दार ढकलून आत आला. तो आमचा संपादक, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, वाईट नाही, घाईत असतो. "प्रिती, यार, फ्रायडेला कम्पॅरिझन टाकायचंय. दोन्हीकडे कमिट केलंय आपण. राजरत्नचं काही लिहिलेलं सापडलं?"

"काही नाही. तो शेवटी लिहायचा."

"मग तूच लिही. दोनशे शब्द फिनिशिंगवर, थोडं पट्ट्यावर, आणि व्हर्डिक्ट. कोणतं बेटर ते क्लिअर पाहिजे, हां. दोन्ही छान, असलं नको." त्यानं वरळीवालं उचलून हातात घातलं. "हे ओके बसतंय. दुसरं बघू?" मी दुसरं दिलं. पट्टा त्याच्या मनगटावर जुळेचना. "एवढं लहान कोणी केलं? उद्या सकाळी माझ्या हातावर व्हिडिओ आहे. याच्या लिंक्स परत टाकून ठेव ना प्लीज. पाऊचमध्ये असतील सगळ्या."

"उद्या टाकते," मी म्हटलं.

"आजच टाक ना."

"उद्या सकाळी टाकते म्हटलं ना, ध्रुव." माझा आवाज चढला असावा, कारण तो हात वर करून निघून गेला. पाऊच माझ्यासमोरच पडलं होतं, त्यातल्या कड्या बोटांना लागत होत्या. त्या परत घातल्या की हे माप संपलं. घड्याळ जपानला परत जाणार, तिथून आणखी कुठं. राजरत्ननं माझ्यासाठी काही केलं होतं की नव्हतं, याचा एकुलता एक पुरावा मी स्वतःच्या हातानं खोलून ठेवणार होते. आणि मला तो पुरावा हवा होता. कुणाला दाखवायला नाही. मी त्याची कुणीही नव्हते. सुतक नव्हतं, रजा नव्हती, मला 'सावरलीस का' म्हणून कुणी विचारायचं कारण नव्हतं. ऑफिसनं शोक व्यक्त केला त्यात माझा वाटा होता तेवढाच. एवढं एक माझं असावं असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं भुकेसारखं होतं, त्याच्यापुढे काही सुचत नव्हतं. मी गिरगाववालं पुन्हा हातात घातलं, ओढणी सारखी केली, बॅग उचलली आणि कुणाला न सांगता खाली उतरले. राजरत्न प्रत्येक घड्याळ घरी न्यायचा, हेही नेलं असणार. घरी त्याची आई होती. तिनं पाहिलं असेल.

टॅक्सी करी रोडच्या पुलावर अडकली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. गिरगाववाल्याचा आवाज येत नाही. कानाशी नेलं तरच अगदी बारीक काहीतरी चालू असल्याचं कळतं. मी ते कानाशी नेलं. खरं म्हणजे एक दुसरा विचार परळलाच माझ्या शेजारी येऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते, एवढंच. वरळीवालं गणपतीच्या आधीचं. गिरगाववालं दिवाळीनंतरचं. मध्ये काय काय झालं? मध्ये त्यानं जेवणाचा डबा आणणं बंद केलं, म्हणाला, पित्त होतंय. मध्ये तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागला, आणि मी त्याला चिडवलं की आता तूही गिरगाववाला झालास. मध्ये चालताना तो परळ नाक्यावरच थांबून म्हणायला लागला, आज बसनं जातो गं. मग रजा टाकली, गावी जातो म्हणाला. गावी कुठला, परळच्याच हॉस्पिटलात होता, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. मला कळलं तेव्हा फक्त एकदाच भेटता आलं. गळ्यापर्यंत चादर होती, दोन्ही हात चादरीखाली. चेहरा एवढा लहान झाला होता की मी त्याच्या कपाळाकडेच बघत राहिले. तो म्हणाला, "तुलना राहिली बघ." मी म्हटलं, "तू येऊन लिही." असलं काहीतरी आपण बोलतो. या सगळ्याची बेरीज करायला हुशारी लागत नाही. पण मी ती टॅक्सीतही केली नाही, उलट मनात म्हणत राहिले, तुझंच आहे, तुझंच आहे म्हणाला होता.

बीडीडीतली त्यांची चाळ आता पाडलीय, त्यांना तिथंच नव्या टॉवरमध्ये घर मिळालंय. राजरत्न त्या घरात जेमतेम राहिला. मी आधी एकदाच तिथं गेले होते, पुण्यानुमोदनाच्या दिवशी. खाली मंडपात खुर्च्या, भन्तेजींचं वंदना-सूत्रपठण, आणि मग त्यांच्यातली रीत म्हणजे एकेकानं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं. चाळीतले बोलले, शाळेतले मित्र बोलले, कुणी म्हणाला त्यानं अभ्यासिकेला पुस्तकं दिली, कुणी म्हणाला शब्दाचा पक्का. मग कुणीतरी माइकमधून म्हणालं, "आता त्यांच्या ऑफिसच्या मॅडम दोन शब्द बोलतील." आमच्याकडे असं काही नसतं, आमच्याकडे भटजी बोलतात आणि माणसं घाटावर कावळ्याची वाट बघतात. मी उठले आणि घड्याळ हाताला कसं बसवायचं, सैल घड्याळावर मत का देऊ नये, हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान सांगत सुटले. बोलून खाली बसले तेव्हा मंडप शांत होता. मला वाटलं, मी माती खाल्ली.

लिफ्टनं वर गेले. दार जाईबाईंनी उघडलं. त्या राजरत्नच्या आई. ठेंगण्या, कपाळ मोकळं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. "तू व्हय? घड्याळाची ना गो तू? ये." म्हणजे त्यांच्या लेखी माझं नाव ते होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी राजरत्न, जाड राजरत्न, वरळीवाल्याच्या वेळचा. घर नवं, पांढरं, आवाज घुमणारं. खिडकीतून खाली पाडलेल्या चाळींची मोकळी जागा दिसत होती. जाईबाईंनी खुर्ची तिथं ओढलेली होती. "इथनं आमची खोली दिसायची," त्या म्हणाल्या. "आता खड्डा हाय. तरी बसते. चाय ठेवू?"

"नको, मावशी. मी एक विचारायला आले."

"इचार की."

मला वाटेत चांगली वाक्यं सुचली होती, ती सगळी गेली. मी नुसता हात पुढं केला. "हे घड्याळ त्यानं घरी आणलं होतं का?"

त्या वाकून बघायला लागल्या. चष्मा नव्हता. त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला, आणि तबकडीवरच्या त्या रेघा उजळल्या. "ह्येच. ह्येच होतं त्याच्या हातात. दवाखान्यात नेलंन त्याच्या आदल्या दिसापतुर. मग हापिसात ठेवून आला."

"त्याच्या हातात?"

"मग कोणाच्या?"

आता थांबावं, चहा प्यावा आणि जावं, असं एक मन म्हणत होतं. पण तोंडातून गेलंच, "ते फार लहान आहे, मावशी. मला बसतंय. मला वाटलं, त्यानं दुसऱ्या कुणासाठी लहान केलं असेल." शेवटचे शब्द माझे मलाच ऐकू आले नाहीत.

जाईबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी सगळं एकदम दिसतं आणि ती तसं दाखवत नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या, माझा हात मात्र सोडला नाही, त्यामुळे मलाही समोर जमिनीवर बसावं लागलं. "नाय गो बाय," त्या अगदी हळू म्हणाल्या, जणू मलाच काही दुखणार होतं. "हातात ठरंना त्याच्या. पहिल्यांदा आणलंन तवा बरं बसलेलं. मग लागलं घसराया. पेच काढायचं ते घेऊन हितंच बसायचा खिडकीत, कडी काढायचा. म्हनायचा, आये, मापात नाय तर कसं लिव्हू? आठ दिस झालं की परत घसरायचं. परत काढायचा. मी म्हनायची, सोड ना रे, द्येऊन टाक त्यांचं त्यांना. तर म्हनायचा, अजून मत बनलं नाय माझं."

एवढी साधी गोष्ट. मी दुपारपासून तिच्याभोवती फिरत होते. वरळीवालं आणि गिरगाववालं यांच्यामध्ये जी जागा उरली होती, तेवढा त्याचा हात झिजला होता. मी ते घड्याळ दुपारभर प्रेमानं हातात घालून बसले होते, टॅक्सीत कानाशी धरलं होतं. मला रडू आलं, आणि ते सगळं त्याच्यासाठी नव्हतं, हे मला नीट कळत होतं. बरंचसं माझ्यासाठीच होतं. माझं म्हणून जे एक घ्यायला आले होते ते आता नव्हतं, ते कधीच नव्हतं. मी ओढणीनं डोळे पुसले आणि दुसऱ्या हातानं घड्याळाची कळ चाचपडत म्हटलं, "मी हे काढते, मावशी. तुम्ही बघा हातात घेऊन."

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःच कळ दाबून घड्याळ सोडवलं, बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. मग अंगठा आणि मधलं बोट जुळवून त्यांनी माझ्या मनगटाला वेढा घातला. बोटं मनगटाच्या खालच्या अंगाला एकमेकांना जेमतेम टेकली. त्यांनी ती तशीच फिरवली, हाडावरून, नाडीवरून, पुन्हा हाडावर. रोज कुणाचा तरी हात असा धरून बसायची सवय त्या बोटांना होती. "एवढाच," त्या म्हणाल्या. "बरोब्बर एवढाच झालेला शेवटाला. मी धरून बसायची ना, म्हायती हाय मला."

मला उठायचं होतं. गुडघ्याला गार फरशी लागत होती आणि ऑफिसात फोन वाजत असणार होता. मी जरा हलले तशी त्यांची बोटं घट्ट झाली. डोळे त्यांनी मिटून घेतले होते.

"काढू नको गो हात," जाईबाई म्हणाल्या. "थोडा वेळ तसाच ऱ्हाऊ दे. आणि बोलू नको."

मी हात तसाच राहू दिला.